भिंतीपलीकडचं पाणी

१४ जून, शनिवार

तळघर झालं एकदाचं. रंगारी दुपारी गेला आणि जाताना फरशीवर रंगाचे ठिपके ठेवून गेला. दाखवले तर म्हणतो, "रॉकेलनं पुसा, निघत्यात." पाडायचे त्याने, पुसायचे मी. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून जन्म गेला माझा. असली माणसं मी टेबलापलीकडून रोज बघितली आहेत, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही.

आमचं घर उतारावर आहे. भाटघरच्या रस्त्याकडून पाहिलं तर बैठं, मागून पाहिलं तर दुमजली. खालचा मजला अर्धा जमिनीत गेलेला. इतकी वर्षं तिथे अडगळ होती, आता अभ्यासिका होणार. भोरकडची पोरं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात म्हणे. करतात म्हणजे टपरीवर पुस्तक उघडं ठेवून मोबाईल बघतात. त्यांना शिस्तीची जागा मिळाली तर त्यातला एखादा नायब तहसीलदार तरी होईल. टेबलं, खुर्च्या, पुस्तकांचं कपाट, सगळं आलं आहे. बोअरचा लोखंडी पाइप तळघरातून, छताखाली भिंतीच्या कडेकडेने गच्चीवरच्या टाकीकडे जातो. तो फार कुरूप दिसत होता, म्हणून प्लायवूडची पेटी करून झाकून टाकला. आता खोली पुण्यातली वाटते.

लता खाली येऊन म्हणाली, "झाकायच्या आधी विचारायचं तरी. पावसाळ्यात त्या पाइपला घाम येतो. दरवर्षी मी फडकं फिरवते त्याच्यावरून."

पाइपला घाम. संसारात अशी बरीच शास्त्रं ऐकली. मी रॉकेल आणायला गेलो.

१९ जून, गुरुवार

भिंतीवर ओल. नवीन रंगावर, छतापासून खाली, जिभेसारखे लांब ओघळ. आजपासून तारीखवार लिहीत जाणार. उद्या अर्ज करायची वेळ आली तर नोंद हाताशी हवी. तोंडी तक्रारीला कचेरीत किंमत नसते हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

ओल नेमकी शेजारच्या बाजूच्या भिंतीवर आहे. बाकी तिन्ही भिंती ठणठणीत. शेजारी संजय मास्तर राहतो. हायस्कुलात गणित शिकवतो. ही मंडळी आधी गावाच्या खालच्या अंगाला राहायची. मास्तरने मध्यंतरी आमच्या शेजारचा तुकडा घेतला आणि स्लॅबचं घर बांधलं. माझी हरकत नव्हती. मी तसलं काही मानत नाही. कचेरीत माझ्या शेजारच्याच टेबलावर त्यांच्यातला एक होता आणि मी त्याच्याशी शेवटपर्यंत नीट वागलो. पण घर बांधायला पिढ्यांची सवय लागते. याने जन्मात पहिल्यांदा टाकी बांधली, तीही जमिनीत, आणि तीही आमच्या भिंतीला खेटून. नळाचं पाणी तिच्यात साठवतो आणि मोटारीने वर चढवतो. अशी टाकी गळणार नाही तर काय होणार?

२३ जून, सोमवार

लक्ष ठेवून आहे. सकाळी लाइट आली की मास्तरची मोटार सुरू होते. तिची घरघर आमच्या तळघरात ऐकू येते, आणि तासाभरात भिंतीवर ओघळ. एकदाही चुकलं नाही. लताही आपली बोअरची मोटार त्याच वेळेला लावते, लाइटचा भरवसा नसतो म्हणून. त्यामुळे दोन आवाज एकात मिसळतात आणि मला कान देऊन मास्तरची मोटार वेगळी ओळखावी लागते. सरावाने जमतं.

मोटार बंद झाली की ओघळ थांबतात. यापेक्षा उघड पुरावा तो काय असतो?

२६ जून, गुरुवार

बंडूला बोलावलं. भिंतीला वॉटरप्रूफिंग करतो. आला, भिंतीवर बोटाची पेरं वाजवली आणि म्हणाला, "दादा, भिंत आतनं कोरडी वाटती. वरनं उतरतंय बगा."

"वर आमचं देवघर आहे," मी म्हटलं. "तिथून पाणी उतरेल कसं?"

मग त्याने डबा उघडला. केमिकलचे दोन हात मारून गेला. त्याला मी सांगितलं होतं तेवढंच त्याने केलं. माणसाने आपली पायरी ओळखून काम केलं की बरं असतं.

३० जून, सोमवार

केमिकलवरूनही ओघळ येतात. चकाकतात, एवढाच फरक.

आता मीच उपाय काढला आहे. हीटर आणला आणि दारं-खिडक्या लावून खोलीत चालू ठेवला. भिंत आतून शेकली की ओल बाहेर पळेल. शिवाय पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून लताची रोजची कुरकुर असते, तर तळघरात दोरीही बांधून दिली. ओली चादर, धोतरं, तिची पातळं, सगळं तिथेच. एका हीटरमध्ये दोन कामं. तिला हे सुचलं नसतं.

२ जुलै, बुधवार

कपडे सुंदर वाळतात. भिंत मात्र पूर्वीपेक्षा ओली. काल थेंब होते, आज धार. कपड्यांतलं एवढं पाणी हटलं आणि भिंतीतलं हटत नाही, याचा अर्थ एकच. पलीकडून जोर वाढला आहे.

४ जुलै, शुक्रवार

आज कुंपणापाशी गेलो. मास्तर शाळेतून नुकताच आला होता. त्याची आई फुलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"मास्तर, तुमच्या टाकीला गळती आहे."

"नाही काका. गेल्या महिन्यात टाकीत उतरून धुतली मी. कुठं तडा नाही."

"मग माझ्या भिंतीवर पाणी आकाशातून येतं का?"

"ते बघितल्याशिवाय कसं सांगू? मी येतो खाली. दोघं मिळून बघू."

मी नको म्हटलं. खोली नुकती रंगवली आहे, पुस्तकं लावली आहेत, तिथे कशाला कुणाचा वावर. तसं बोललो नाही. फक्त "गरज नाही" म्हटलं.

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. "टाकी गळाया लागली तर पाणी कमी व्हईल का न्हाई? म्या रोज सकाळच्याला झाकण उघडून बघती. रात्री जेवढं पाणी असतं तेवढंच सकाळी असतं."

आता हिला काय सांगायचं? मी मास्तरकडे बघूनच म्हटलं, "तुम्ही शिकलेले आहात. मी लेखी देण्याआधी दुरुस्ती करून घ्या."

"द्या लेखी," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. हीच यांची नवी तऱ्हा आहे. आवाज न चढवता उर्मटपणा.

९ जुलै, बुधवार

आता खिडक्या उलट सताड उघड्या टाकल्या आहेत. वारा खेळला की ओल जाते, हे पोराटोरांनाही कळतं. बाहेर धो धो पाऊस असला तरी हरकत नाही, छज्जा मोठा आहे.

पुस्तकं फुगली. कपाटाच्या खालच्या फळीवर पांढरी बुरशी आली. महाराष्ट्राचा भिंतीवरचा नकाशा सुटून गुंडाळून पडला होता. टेबलांच्या पायांना सुरकुत्या पडल्यासारख्या दिसतात. गणपतीआधी उद्घाटन करायचं तर अशी खोली दाखवायची कशी? विराजला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, आई म्हणते तसं पाइपचं बघा ना एकदा." म्हणजे हिने तिथेही सांगून ठेवलंय. मुलगा कॉम्प्युटरवर बसून पगार घेतो, भिंतीला कधी हात लावला नाही, आणि बापाला शिकवतो. "बघतो" म्हणून ठेवून दिला.

१२ जुलै, शनिवार

कुंडलिकअण्णांना भेटलो. माजी सरपंच. कागद वाचत नाहीत, पण गाव त्यांचं ऐकतं. उद्या त्यांच्या ओसरीवर बैठक बसवतो म्हणाले. माझा तीन पानी अर्ज त्यांनी उशीखाली ठेवला.

संध्याकाळी परत आलो तर लता कुंपणापाशी फुलाबाईशी बोलत उभी होती. मला बघून दोघी थांबल्या. म्हटलं, काय चाललं होतं? "कोथिंबिरीचं," म्हणाली. हातात कोथिंबीर नव्हती. बायकांच्या गप्पांना विषय लागत नाही हेच खरं.

१३ जुलै, रविवार

बैठक झाली. अण्णा आणि गावातले चार वजनदार लोक. सगळे ओळखीचे. अर्ज मी उभा राहून वाचला. तारखा, वेळा, मोटारीचा आवाज, ओघळांची लांबी. ऐकताना दोघे पेंगत होते, पण ते त्यांच्या कुवतीप्रमाणे.

मास्तरला विचारलं. तो म्हणाला, "माझं एवढंच म्हणणं आहे. इथं बसून ठरवण्याआधी कुणीतरी काकांच्या तळघरात जाऊन बघा. मला येऊ देत नसतील तर तुम्ही जा."

कुणी उठलं नाही. बाहेर पाऊस होता आणि आत भजी आली होती.

अण्णांनी निकाल दिला. "मास्तर, तुमी आठवडाभर टाकी मोकळी ठिवा. भितीला पाणी आलं न्हाई तर टाकी गळती म्हणायची. आलं तर नारायणरावांनी दुसरं काय त्ये बघायचं. झालं का समाधान?"

माझं झालं. कायद्याचं शिक्षण नसताना माणूस किती चांगला निर्णय देऊ शकतो, असं क्षणभर वाटलं.

१५ जुलै, मंगळवार

मास्तरने टाकी उपसून मोकळी केली. घरातली भांडी, पिंपं, बादल्या जे असेल त्यात पाणी भरून ठेवलं आहे. त्यांच्या अंगणात भांड्यांचं दुकान मांडल्यासारखं दिसतं.

दुपारी वादळ झालं आणि वरच्या अंगाचा ट्रान्सफॉर्मर उडाला. लाइट गेली. वायरमनला फोन केला, तो म्हणाला, "साहेब, नवा आला की बसवू." कधी येणार, तर त्याला माहीत नाही. कुणालाच काही माहीत नसणं हे आता नोकरीचं लक्षण झालं आहे.

१९ जुलै, शनिवार

भिंत कोरडी. पूर्ण कोरडी. हात फिरवला तर पावडर हाताला येते. रोज तीनदा जाऊन बघतो आणि दर वेळी समाधान वाटतं.

लाइट अजून नाही. हीटर बंद, मोटार बंद, वरच्या टाकीत ठणठणाट. पाण्याअभावी धुणं तुंबलं आहे, तळघरातली दोरी रिकामी. लता खालच्या हापशावरून पाणी आणते. फुलाबाईही तिथेच येते. दोघी हापशाचा दांडा एकदमच धरून मारतात, असं किराणावाल्याने मला हसत हसत सांगितलं. मी हसलो नाही. पण एवढ्या गैरसोयीतही भिंतीकडे बघितलं की वाटतं, सत्य शेवटी वर येतं.

२० जुलै, रविवार

दुसरी बैठक. मी उभा राहून एकच वाक्य बोललो, "भिंत कोरडी आहे." बाकी काही बोलायची गरज नव्हती.

मास्तर म्हणाला, "अण्णा, मंगळवारपासून लाइट नव्हती. काकांचीही मोटार बंद होती. त्यांच्या पाइपातून पाणी गेलेलं नाही. लाइट येऊ द्या, माझी टाकी मोकळीच ठेवतो, आणि मग चार दिवस बघा."

माझ्या मोटारीचा आणि त्याच्या टाकीचा काय संबंध? हा मुलांना गणित शिकवतो. त्या मुलांचं काय होत असेल?

अण्णा कंटाळले होते. "मास्तर, आता फाटं फोडू नका. सगळ्यांसमोर ठरलं हुतं. टाकी काढून टाका हितनं, पलीकडच्या अंगाला बांधा. शेजार हाय, ऱ्हायचं हाय न्हवं?"

मास्तरने माझ्याकडे बघितलं. मग "ठीक आहे" म्हणाला आणि चपला घालून गेला. निरोपसुद्धा घेतला नाही.

२४ जुलै, गुरुवार

काल लाइट आली. आज मास्तरने टाकी पाडायला घेतली. गडी लावले नाहीत. शाळेतून आला, शर्ट काढला आणि स्वतःच घण घेऊन उतरला. प्रत्येक घाव आमच्या तळघरात ऐकू येत होता. नव्या रंगाला तडे जातील की काय अशी मला धास्ती. त्याची बायको माधुरी पाटीने तुकडे बाहेर टाकत होती. दारात म्हातारी ते बघत बसली होती. रडली वगैरे नाही. मला वाटलं होतं रडेल, तमाशा करेल.

लताने माझं ताट वाढलं आणि आत जाऊन पडून राहिली. डोकं दुखतं म्हणाली. गोळी घे म्हटलं तर म्हणाली, "ह्याच्यावर गोळी नसते." अलीकडे ती असं काहीतरी अर्धवट बोलते.

२७ जुलै, रविवार

भिंतीवर ओल.

घाबरायचं कारण नाही. जमिनीत मुरलेलं जुनं पाणी आहे. टाकी वर्षभर गळत होती, माती भिजून चिंब झाली असणार. आटायला वेळ लागेल. हीटर पुन्हा चालू केला. दोरीवर तुंबलेलं सगळं धुणं घातलं आहे.

३१ जुलै, गुरुवार

जुनं पाणी अजून येतंच आहे. पूर्वीपेक्षा जास्त. सकाळी मोटार लावली की सुरू होतं. आपलीच मोटार. शेजारी आता मोटार नाही.

हे वाक्य लिहून झाल्यावर मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो.

३ ऑगस्ट, रविवार

आज खुर्चीवर बसून पुस्तकं पुसत होतो. मानेवर थेंब पडला. वर बघितलं तर प्लायवूडच्या पेटीच्या सांध्यातून दुसरा थेंब लोंबत होता.

पेचकस आणून पेटी उघडली. आत पाइप. सगळा पाइप थेंबांनी भरलेला, वाफाळत्या भांड्याच्या झाकणाला आतून असतात तसा. पेटीच्या तळाशी पाणी साचून भिंतीच्या बाजूला ओघळत होतं. पाइप फुटलाय म्हणून मी फडक्याने कोरडा पुसला आणि सांधे तपासले. एकही सांधा गळत नव्हता. पुसून हात मागे घेईतो पुन्हा बारीक बारीक थेंब आले. मोकळ्या लोखंडावर, कुठून न येता.

पाइपला हात लावला. खोली हीटरने उबदार, पाइप बर्फासारखा गार. खोल बोअरचं पाणी त्यातून नुकतंच गेलं होतं. दोरीवर माझी धोतरं वाळत होती.

लता दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही.

"घाम," ती म्हणाली.

मी म्हटलं, "तुला आधी माहीत होतं, तर बैठकीत का बोलली नाहीस?"

"घरात बोलले होते. घरात ऐकलं असतंत तर बैठकीपर्यंत गेलंच नसतं."

तिला प्रत्येक गोष्टीचं उत्तर लगेच सुचतं. मी पेटी पुन्हा बसवली आणि वर आलो.

६ ऑगस्ट, बुधवार

हा तांत्रिक प्रश्न आहे आणि तो तांत्रिक पद्धतीने सोडवायचा. पेटी कायमची काढली. पाइपला गोणपाट गुंडाळून सुतळीने आवळला. गार लोखंडाला हवा लागू द्यायची नाही, एवढंच तत्त्व. लता म्हणाली, गोणपाट पाणी पितो. मी म्हटलं, प्रयोग केल्याशिवाय बोलू नये.

८ ऑगस्ट, शुक्रवार

गोणपाट पाणी पितो. रात्रीतून चिंब झाला, आता आंबूस वास येतो. खोलीत शेळ्या बांधल्यासारख्या वाटतात. सोडून फेकला.

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळच्या एसटीने पुण्याला गेलो. दुकानदाराला "पाइपवर चढवायचं काहीतरी" म्हटलं. त्याने काळ्या रबरी फोमच्या नळ्या काढून दाखवल्या, लांबीत चिरलेल्या. पाइपवर चढवायच्या आणि चीर चिकटवून टाकायची. कुठेही फट ठेवायची नाही, कारण फटीतून दमट हवा आत शिरली की आतल्या आत पाणी सुटतं. जिथे पाइप वळतो आणि जिथे व्हॉल्व्ह आहे तिथे पट्टी गुंडाळून घ्यायची. सगळं त्याने एका दमात सांगितलं, दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत. असल्या माणसाला ज्ञानाची किंमत नसते.

आल्यावर लताने पाइप कोरडा पुसून दिला. मी नळ्या चढवल्या. कोपऱ्यात माझा हात पोचेना, तिथे तिनेच पट्टी गुंडाळली. माझ्यापेक्षा बरी गुंडाळली. नंतर तिने न विचारता दोरी सोडली, हीटर वर नेला, खिडक्या लावून घेतल्या. "पाऊस असेल तेव्हा उघडायच्या नाहीत," म्हणाली. मीही तेच म्हणणार होतो.

१७ ऑगस्ट, रविवार

आठवडा होत आला. रोज मोटार चालते. भिंत कोरडी, फोम कोरडा, फरशी कोरडी. एका जागी चीर उकलून बघितलं, पाइपही कोरडा. मी एकट्याने हा प्रश्न सोडवला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

गावात कुणाला सांगण्यासारखं यात काही नाही. लोकांना हवेतल्या पाण्याचं काय कळणार? उगीच गैरसमज होतील.

२० ऑगस्ट, बुधवार

किराणावाल्याने आज पुन्हा विचारलं, "दादा, वैनी रोज हापशावर कशा? बोअर बंद हाय का तुमचं?"

चौकशी केली. गावच्या नळाला सकाळी थोडा वेळ पाणी येतं. साठवायला टाकी नाही, म्हणून मास्तरच्या घरी दिवसभर पुरत नाही. म्हातारी हापशावर जाते, आणि लता तिच्यासोबत. तिची कळशी ही कमरेवर घेऊन येते. घरात चोवीस तास पाणी असताना.

जेवताना विषय काढला. म्हटलं, लोक बघतात.

"बघू देत," ती म्हणाली. "त्यांची टाकी तुम्ही पाडलीत."

"मी नाही पाडली. त्याने स्वतःच्या हाताने पाडली."

तिने ताट उचललं. अर्धी भाकरी तशीच होती. जाताना म्हणाली, "तुम्ही जाऊन सांगेपर्यंत मी कळशी उचलणार. गुडघे गेले तरी."

तिचे गुडघे आधीच दुखतात. याला हट्टीपणा म्हणतात.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज कुंडलिकअण्णा रस्त्यात भेटले. "झाली का अभ्यासिका? पाणी बंद झालं न्हवं? बगा, टाकी काढल्याबरुबर बंद झालं." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? घरी आलो तर लता पायाला तेल चोळत बसली होती.

२४ ऑगस्ट, रविवार

आज गेलो. किराणावाल्याची बडबड बंद व्हावी हे एक कारण. दुसरं, तिच्या गुडघ्यांचं औषध महाग आहे. काय बोलायचं ते घरी दोनदा म्हणून बघितलं होतं.

मास्तर घराच्या पलीकडच्या बाजूला, आमच्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, नवी टाकी बांधतोय. खड्डा झाला आहे. तो वाळू चाळत होता. फुलाबाई उंबऱ्यावर बसली होती. ये बस असं कुणी म्हटलं नाही, म्हणून मी उभाच राहिलो.

"मास्तर, एक तांत्रिक बाब लक्षात आली आहे," मी म्हटलं. "ती जी ओल होती, तिच्यात हवेतल्या दमटपणाचाही काही अंशी भाग होता. पाइप गार असल्यामुळे."

त्याने चाळणी थांबवली. "किती अंशी?"

गणिताचा मास्तर. मी म्हटलं, "बऱ्याच."

"म्हणजे सगळाच."

तो पुन्हा चाळायला लागला.

"काकू सांगून गेल्या होत्या," तो म्हणाला. "बैठकीच्या आदल्या दिवशी. सगळ्यांसमोर उभं राहून सांगते म्हणाल्या."

"मग?"

उत्तर फुलाबाईने दिलं. "म्याच नगं म्हटलं. लताबाईला त्या घरात ऱ्हायचं हाय. चार मानसांत तुमाला खोटं पाडलं असतं, तर तुमी तिला जगू दिलं असतं व्हय? टाकी काय, परत बांधता येती."

मला राग आला. खरं सांगायचं तर मी जे सांगायला आलो होतो ते या लोकांना महिनाभर आधी माहीत होतं, माझ्या आधी. मी म्हटलं, "म्हणजे पाणी तुमचं नाही हे ठाऊक असून टाकी पाडलीत?"

"बैठकीत पाणी कुठलं आहे हे कुणी विचारलंच नव्हतं, काका. टाकी कुणाची एवढंच विचारत होते." तो वाकून चाळत होता, माझ्याकडे बघतही नव्हता. "पाडली नसती तर तुम्ही पुढचा अर्ज केला असतात. मग त्याच्या पुढचा. मला शाळा आहे. रोज तुमच्याशी बोलत बसायला वेळ नाही."

इतक्या साध्या आवाजात माझ्याशी आजवर कुणी असं बोललं नव्हतं. कचेरीत तर नाहीच.

मी म्हटलं, टाकी होईपर्यंत आमच्या बोअरवरून नळी टाका. पाणी भरपूर आहे.

"नको," तो म्हणाला.

आतून आल्याच्या चहाचा वास आला. विचारलं तर काय सांगायचं हे मी घरून ठरवून आलो होतो. डॉक्टरांनी साखर बंद केली आहे, असं सांगायचं. म्हणजे त्यांनाही वाईट वाटायला नको. माधुरी बाहेर आली. सासूला कप दिला, नवऱ्याला दिला. तिच्या हातातल्या ताटलीत अजून एक कप होता. तो घेऊन ती स्वतःच दाराशी टेकून प्यायला लागली.

मी थांबलो. त्यांचा चहा पिऊन झाला. मला विचारलं नाही याचं त्यांना अवघडल्यासारखंही वाटत नव्हतं.

मास्तरने कप ओट्यावर ठेवला, घमेलं भरून उचललं आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"सरका जरा, काका," तो म्हणाला. "तिथं वाळू टाकायची आहे."

मी सरकलो.